कस्तुराची डावी किडनी

मी कस्तुराची डावी किडनी बोलतेय. सध्या मुक्काम तिच्या भावाच्या पोटात, उजव्या जांघेच्या जरा वर. कातडीला इतकी लागून आहे की ज्ञानदेवनं हात ठेवला तर मी त्याच्या बोटांना लागते. तो रोज हात ठेवतो. मायेनं नव्हे हो, मी चालू आहे की बंद पडले एवढंच बघायला.

शाळेच्या पुस्तकात मला मूत्रपिंड म्हणतात, खाटकाच्या दुकानात गुर्दा. काय म्हणायचं ते म्हणा, त्याचा मला राग नाही. माझा राग वेगळ्या माणसांवर आहे, आणि माझे दिवस भरत आलेत म्हणून तो आज सगळा ओकून टाकणार आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा.

माझा जन्म कस्तुराबरोबरच झाला, चाकणच्या अलीकडच्या एका वाडीत. वाडीचं नाव मी घेणार नाही. एवढा मान त्यांना कशाला द्यायचा? माझं काम साधं. रक्त गाळायचं, घाण बाहेर काढायची, पुन्हा गाळायचं. पिंपरीच्या कंपन्यांत निदान तीन शिफ्टला तीन माणसं असतात. इथं तिन्ही शिफ्टला मी आणि माझी उजवी बहीण, आणि ओव्हरटाइमचं तर नावच काढू नका.

कस्तुरा चोविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली. मूलबाळ नव्हतं. घरात आई चिमाबाई, चार वर्षांनी धाकटा भाऊ ज्ञानदेव, आणि त्याची नवी नवरी शालन. या ज्ञानदेवला कस्तुरानं लहानपणी कडेवर घेऊन वाढवलेला. रडायला लागला की टाचा आपटायचा, त्या नेमक्या माझ्यावर बसायच्या. तेव्हापासून मी त्याला ओळखते.

आईपाशी पुतळ्यांची एक माळ होती. घरात सोनं म्हणून तेवढंच. "ही कस्तुराची," आई म्हणायची, "तिला ना नवरा ना पोर. म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडं बघंल ती?" पेटीची किल्लीही तिनं कस्तुराच्याच कमरेला दिली होती.

बासष्ट साल. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले होते आणि वाडीतल्या प्रत्येक जवान माणसाला कंपनीचं वेड लागलं होतं. ज्ञानदेवला एक मध्यस्थ भेटला. जरा हात ओले कर, कायम करून देतो, म्हणाला. ज्ञानदेवनं काय करावं? दुपारी सगळी शेतावर गेलेली, कस्तुरा न्हायला बसलेली बघून तिनं कोनाड्यात काढून ठेवलेली किल्ली उचलली, माळ काढली आणि चाकणच्या सराफाला विकून मोकळा झाला. महिन्याभरात नोकरी लागली. वाडीभर पेढे वाटले. मग दिवाळीच्या तोंडावर आईनं पेटी उघडली.

शालन म्हणाली, "किल्ली तर आक्काच्याच कमरंला असती."

ज्ञानदेव तिथंच बसला होता. त्यानं कंपनीतून मिळालेल्या नव्या बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. एक शब्द बोलला असता तर संपलं असतं. नाही बोलला. कस्तुराच्या रक्तात त्या दिवशी जे उसळलं ते गाळता गाळता आम्हा दोघी बहिणींच्या नाकी नऊ आले. शेजारीपाजारी जमले, बायांनी तोंडाला पदर लावले. आई भिंतीकडं तोंड करून निजली ती बोललीच नाही. आठवड्यानं कस्तुरा दोन लुगडी बोचक्यात बांधून निघाली, "आये, म्या न्हाई घेतली गं," म्हणाली, तरी तिनं कूस बदलली नाही. चार वर्षांनी आई गेली. मातीला ये म्हणून साधा निरोपसुद्धा आला नाही.

कस्तुरा पिंपरीला आली. बाजाराच्या गल्लीत रहिमाबीचं बांगड्यांचं दुकान होतं, तिनं दुकानामागची खोली दिली. पुढं मंडईत कस्तुराचा मिरची-कोथिंबिरीचा वाटा लागला. पोटाची सोय झाली. पण वाडीतले लोक माल घेऊन मंडईत यायचे. तिला बघितलं की गोणीवरचा हात घट्ट करायचे. एकदा एका पोरसवदा सुनेनं तिच्यासमोर गळ्यातलं पदराखाली झाकलं. ती सून पाळण्यात असेल माळ गेली तेव्हा. चोर ही पदवी अशी पिढीजात चालते बघा.

कस्तुराला माळ नको होती, घरात वाटा नको होता. तिला तिचं नाव परत हवं होतं. आणि ते देऊ शकणारा माणूस जगात एकच होता.

ऐंशी सालच्या भाद्रपदात तो माणूस मंडईत तिच्या वाट्यासमोर येऊन उभा राहिला. तोंड सुजलेलं, पाय खांबासारखे. शेजारी शालनबाई.

"आक्का, वळखलं न्हाईस व्हय?"

"वळखलं की," कस्तुरा तराजू न सोडता म्हणाली. "पावशेर देऊ का अर्धा किलो?"

शालनबाई तिथंच रिकाम्या गोणपाटावर बसून रडायला लागली. ज्ञानदेवच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात आता दुसऱ्याची किडनी बसवतात, पण ती रक्ताच्या नात्यातली लागते. आणि रक्ताचं नातं म्हणून जगात उरली होती ती चोर म्हणून हाकललेली बहीण. वेळ कशी येते बघा!

रहिमाबीनं ऐकलं आणि बांगड्यांचा डबा आपटला. "नक्को गे कस्तुरा! जिनं तेरेकू चोर बोल्या, उसकू अपने पोटातलं काढून देती? येडी हुई क्या?"

"येडी न्हाई," कस्तुरा म्हणाली. "अठरा वरसं वाट बघितली, रहिमा. आता त्यो दारात आलाय."

मी आतून ऐकत होते. बाईच्या रक्तात त्या दिवशी दया नव्हती, हे मी खात्रीनं सांगते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं गाळलंय मी ते रक्त. त्यात सूड होता, थंड आणि स्वच्छ.

तिनं ज्ञानदेवला रहिमाबीच्या दुकानात बोलावलं. आपल्या डबीतला खंडोबाचा भंडारा काढला, वर बेलाचं पान ठेवलं आणि म्हणाली, "उचल. चैतात गावच्या जत्रंला समदा गाव गोळा असतो. तवा कर्ण्यावरनं सांगायचं, माळ म्या इकली, आक्कानं घेतली न्हाई. समद्यांना ऐकू गेलं पायजे. कबूल असंल तर डावी ने."

ज्ञानदेवनं बेलभंडार उचलला. आमच्याकडं बेलभंडार उचलून खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. निदान मला तरी तसं वाटायचं.

कार्तिकात ऑपरेशन झालं. मला कापून काढलं, बर्फगार पाण्यात धुतलं आणि ज्ञानदेवच्या पोटात आणून शिवलं. माझी उजवी बहीण मागंच राहिली, निरोपसुद्धा घेता आला नाही. नव्या घरात रक्त आत आलं मात्र, मी सवयीनं कामाला लागले. काय करणार, हात रिकामे ठेवायची सवयच नाही. पहिली लघवी बाटलीत पडली तेव्हा शालनबाईनं त्या बाटलीला हात जोडले. मला हसू आलं. अठरा वर्षांत कस्तुराला कुणी एवढा मान दिला नव्हता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मी एकटी गेले नव्हते. कस्तुरा लहान असताना पोरासोरांच्या उष्ट्यामाष्ट्यातून एक विषाणू तिच्या अंगात शिरला होता. असे तुमच्याही पैकी पुष्कळांच्या अंगात आहेत, घाबरू नका. दोन दिवस ताप आला असेल, आईनं काढा दिला असेल, आणि तो माझ्या एका कोपऱ्यात गाढ झोपी गेला असेल. शरीराचे राखणदार जागे असले की तो हूं की चूं करत नाही. कस्तुराच्या पोटात तो जन्मभर झोपूनच राहिला असता.

पण ज्ञानदेवच्या अंगातल्या राखणदारांना डॉक्टरांनी मुद्दाम गुंगीत ठेवलं होतं. नाही तर त्यांनी मलाच परकी म्हणून ठार केलं असतं. त्यासाठी रोज गोळ्या, काही पांढऱ्या, एक पिवळी. दुसऱ्याच आठवड्यात राखणदारांची झोप चाळवली. ताप आला, मी सुजले. डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या वाढवल्या आणि सगळं निवळलं. ज्ञानदेव हे नीट बघून ठेवत होता. कंपनीत तो आता सुपरवायझर होता. मशीन तापलं की वरून पाणी वाढवायचं, हे त्याच्या हाडीमासी खिळलेलं.

पौषात आम्ही घरी आलो. पिंपरीजवळच त्यानं दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलेलं. एका दुपारी शालनबाई तांदूळ निवडत म्हणाली, "जत्रंचं काय करायचं वो? बेलभंडार उचललाय तुमी."

ज्ञानदेव हसला. माझ्याच जोरावर आलेल्या तजेल्यानं हसला. "डॉक्टरनं गर्दीत जायाला मनाई केलीय न्हवं? आयतंच निमित्त गावलं. देवाला बी सांगू, डॉक्टरचं सर्टिफिकेट हाय म्हनून. अगं, आता काय ती किडनी परत मागून घेनार हाय?"

असं म्हणून त्यानं माझ्यावर हात ठेवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला ना तळपाय ना मस्तक. मी फक्त तापले. त्या दिवशी मी कोपऱ्यातल्या झोपलेल्याला म्हटलं, ऊठ रे बाबा. राखणदार पेंगलेत. घर मोकळं आहे.

डॉक्टर म्हणतील, किडनी असं काही करू शकत नाही, तो आपोआप उठला. म्हणू देत. मी सांगते, मी उठवला.

माघात बारीक ताप सुरू झाला. अंग मोडून आलं, अन्नाची शिसारी बसली. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप आला की लगेच निघून या. पण ज्ञानदेवला वाटलं, ताप म्हणजे किडनी चालली. आणि किडनी जाणार या विचारानंच त्याची गाळण उडाली. घेतलेली वस्तू हातची सोडायची नाही, हा त्याचा जन्माचा बाणा. त्यानं कुणाला न विचारता पांढऱ्या गोळ्या दुप्पट केल्या. मशीन तापलंय, पाणी वाढवा. राखणदार आणखी गाढ झोपले, आणि माझ्या पाहुण्याला सगळं रान मोकळं झालं.

तो रक्तातून निघाला तो जठरात गेला, तिथून आतड्यात, थोडा यकृतातही. जिथं गेला तिथं आतल्या नाजूक अस्तराला जखमा केल्या. ज्ञानदेवला घास गिळवेना. पोटात पीळ पडून कळा यायच्या, दिवसातून दहा-दहा वेळा परसाकडं. शालनबाईनं ताक दिलं, बेलाचा मुरंबा दिला, दृष्ट काढली. त्यानं गोळ्या आणखी वाढवल्या. मग एक दिवस काळं डांबरासारखं पडलं, आणि दुसऱ्या दिवशी तांबडं भडक रक्त. मोरीच्या दारातच तो कोसळला.

कसं वाटलं म्हणून विचारता? गार वाटलं.

पुन्हा मुंबईचं इस्पितळ. डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून आतला तुकडा काढला आणि काचेखाली बघितला. बाहेर येऊन म्हणाले, "पेशी फुगल्यात, मधोमध घुबडाच्या डोळ्यासारखा गोळा दिसतो. हा किडनीबरोबर आलेला विषाणू आहे."

घुबडाचं नाव निघालं आणि शालनबाईनं कपाळ बडवून घेतलं. "करनी हाय ही! आक्कानं किडनीतनं करनी धाडली!"

डॉक्टर भले माणूस. त्यांनी तिला बसवलं आणि सरळ सांगितलं. या विषाणूला मारणारं औषध आज कुणाकडं नाही. रोखणाऱ्या गोळ्या कमी करायच्या, म्हणजे शरीराची ताकद जागी होईल आणि तीच त्याला हाकलील. पण तीच ताकद किडनीवरही उलटेल. किडनी बहुतेक जाईल. गोळ्या आहेत तशाच ठेवल्या, तर आतडं फुटेल आणि माणूस जाईल.

ज्ञानदेव खाटेवरून म्हणाला, "किडनी घालवू नका सायेब. काय बी करा, पन ती घालवू नका." हाडांचा सापळा झाला होता, तरी मूठ सुटत नव्हती.

शालनबाईनं मनाशी काही ठरवलं आणि ती पिंपरीला गेली. तिसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा मागोमाग कस्तुरा होती. मी रक्तातल्या रक्तात उसळले. माझी बाई! तीन महिन्यांनी आवाज ऐकला.

"ज्ञाना," कस्तुरा खाटेजवळ उभी राहून म्हणाली, "तुझी बायकू मला काय इचारत हुती ठावं हाय? म्हनली, आक्का, अजून एक हाय न्हवं तुमच्यापाशी? ती बी द्या." आणि ती हसायला लागली. नर्सनं वळून बघितलं इतकी हसली. "म्या म्हनलं, एक ठेव गं बाई, जाळायला तरी कायतरी लागंल!"

शालनबाई खाली बघत राहिली. डॉक्टरांनी असली मागणी ऐकली असती तर तिला वॉर्डाबाहेर काढलं असतं.

ज्ञानदेवनं बहिणीला खूण केली. "आक्का, कान हिकडं कर. माळ म्या इकली. चुकलं माझं. आता तरी माफ कर, मला सुखानं मरू दे."

"ह्ये मला कशापाय सांगतोस? मला काय ठावं न्हाई व्हय?" कस्तुरा ताठ झाली. "कानात न्हाई, कर्ण्यावर. तसं ठरलंय."

"म्या जगतोय कुटं जत्रंपतोर..."

"जगशील. म्या तुला मरू देनार न्हाई. तू मेलास की म्या कायमची चोर." तिनं फेरीवर आलेल्या डॉक्टरांकडं बघितलं. "सायेब, गोळ्या कमी करा. जाऊ द्या किडनी."

"बाई, ते तुम्ही ठरवू शकत नाही. पेशंटनं हो म्हणायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

कस्तुरा खाटेवर वाकली. तिनं त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं, आणि ती काय म्हणाली ते मी पोटातून स्पष्ट ऐकलं. "बेलभंडार उचलून खोटं ठरलास तर मेल्यावर बी सुटका न्हाई, ज्ञाना. हो म्हन."

तो हो म्हणाला.

खरं सांगू? त्या क्षणी मला कस्तुराचाच राग आला. माझा जीव जाणार होता आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. पण मग वाटलं, बाईनं स्वतःचा अवयव दोनदा दिला, एकदा कापून आणि एकदा मरायला. तिच्या नावासाठी मी मरायला तयार नसेन तर मी तिची कसली?

गोळ्या उतरवल्या. आठ-दहा दिवसांनी राखणदार डोळे चोळत उठले. पहिल्यांदा आतड्याकडं गेले. पाहुण्याला धरधरून झोडपला. रक्त थांबलं, कळा थांबल्या, ज्ञानदेवनं मऊ भात मागितला. शालनबाईनं डॉक्टरांच्या पाया पडून घेतलं. मग राखणदार वळले माझ्याकडं. त्यांना काय, त्यांच्या लेखी मीही परकीच. मी दगडासारखी सुजले, जागोजागी करपले. डॉक्टरांनी हळूहळू गोळ्या थोड्या वाढवून मला ओढून काढलं. रुपयातले चार आणे उरले. "हे किती महिने चालेल सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

फाल्गुन सरता सरता आम्ही घरी आलो. जत्रा तोंडावर. आणि काय सांगू तुम्हाला! माणूस मरणाच्या दारातून परत आला तरी वळण जात नाही म्हणतात ते उगाच नाही. ज्ञानदेव म्हणायला लागला, "अशक्तपना हाय. पुढच्या वर्षी जाऊ."

ठीक आहे म्हटलं. पिंपरीत राहून मीही काही शिकले होते. मालकानं शब्द फिरवला की कामगार काय करतात? मशीनसमोर उभे राहतात आणि हात लावत नाहीत. मी टूल डाऊन केलं. दोन दिवस थेंब थेंब सोडला, जास्त नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे सुजले, पायात बोट रुतलं की खड्डा तसाच राहायला लागला, आडवं झालं की दम लागायला लागला. त्यानं माझ्यावर हात ठेवला. मी गार पडून राहिले.

"शालन," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "खंडोबा सोडत न्हाई गं. जीप सांग. जत्रंला जायाचं."

जीप ठरली आणि मी पुन्हा कामाला लागले.

वाडीची जत्रा. देवळापुढं मांडव, हलवायांची दुकानं, माहेरवाशिणी, कुस्त्या बघायला आलेले पाहुणे, पोरं पिपाण्या वाजवताहेत. ज्ञानदेव तोंडाला पंचा बांधून आला. कस्तुरा एस.टी.नं आली होती, संगतीला रहिमाबी. अठरा वर्षांनी वाडीत पाय ठेवला तिनं. मांडवाच्या कडेला उभी राहिली, आत कुणी बोलावलं नाही.

ज्ञानदेवनं माईक हातात घेतला. कर्णा खरखरला. "मंडळी," तो म्हणाला, "बासष्ट साली माझ्या आईची माळ म्या इकली. कंपनीत चिकटाया इकली. आक्कानं घेतली न्हवती. आक्का चोर न्हाई. चोर म्या हाय."

कर्णा चिंचेच्या झाडावर बांधलेला होता. ते शब्द शेतापर्यंत गेले असणार. पिपाण्या थांबल्या. मी त्याच्या पोटात असूनही मला कस्तुराचा श्वास ऐकू आल्यासारखा वाटला. आता गाव चरकेल, बाया तोंडात बोटं घालतील, अठरा वर्षांचं पाप धुऊन निघेल, असं मला वाटत होतं. याच क्षणासाठी मी कापून घेतलं होतं, करपून घेतलं होतं.

बाजेवर बसलेले मारुतराव, वाडीतले सगळ्यात जुने पंच, हात वर करून म्हणाले, "बास, बास रं ज्ञानदेवा. कशापाय जिवाला तरास करून घेतोस? अरं, आमाला काय ठावं न्हवतं व्हय? त्यो सराफ आमच्या पाव्हन्यातलाच की. पेटी उघडली त्याच हप्त्यात समद्यांना कळलं हुतं."

आजूबाजूच्या चार म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. व्हय, ठावं हुतं.

कस्तुरा मांडवात आली. गर्दीनं वाट दिली. "ठावं हुतं?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा, भाव विचारावा तसा. "समद्यांना?"

"घरातलं भांडान, पोरी. मधी कोन पडनार?"

"आन आयेला?"

मारुतरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "तुझ्या आयनंच हात जोडले हुते आमच्याम्होरं. म्हनली, बोलू नगा. पोराची नवी नोकरी हाय, कळलं तर जाईल. पोरगी काय, कुटं बी पोट भरंल."

ज्ञानदेवच्या हातातला माईक अजून चालू होता, त्यात त्याचं हुंदकणं सगळ्या रानाला ऐकू जात होतं. यातलं त्यालाही काही माहीत नव्हतं. अठरा वर्षं कस्तुरा एका गोष्टीसाठी झुरली होती, की आई मेली ती आपल्याला चोर समजून मेली. आई तसं समजून मेलीच नव्हती. आईनं सगळं जाणून भिंतीकडं तोंड केलं होतं. सूड कुणावर घ्यायचा आता? मेलेल्या आईवर?

मारुतरावांनी घाईघाईनं पोरांना सांगितलं, "आरं, साडी आना. कस्तुराला मानाची साडी द्या. लेक आली घरला."

साडी आली, नारळ आला. कस्तुरानं हात पुढं केला नाही.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला गाडी धरायची हाय, उद्या मंडई हाय. आन एक ध्येनात ठेवा. ह्या गावाची कोथमीर आजपासनं माझ्या वाट्यावर चढनार न्हाई. म्या घेनार न्हाई, आन पिंपरीच्या मंडईत दुसऱ्या बाईला घेऊ देनार न्हाई. का म्हनून इचारलं तर सांगीन. रोज सांगीन. गिऱ्हाइकाला, हमालाला, समद्यांना सांगीन. तुमी अठरा वरसं गप बसला, म्या मरंपतोर बोलनार."

ती निघाली. रहिमाबी तिच्या मागं. मांडवाबाहेर गेल्यावर मला तिची पावलंही ऐकू येईनात. मी तिची, आणि मला तिच्या मागं जाता आलं नाही. त्या दिवसाइतकं परक्या पोटात असल्याचं मला कधी डाचलं नव्हतं.

त्याला आता तीन महिने झाले. कस्तुरा शब्दाला जागली. वाडीचा माल मंडईत पडून सुकतो आणि मारुतरावांचे निरोपावर निरोप येतात. तिला बघून आता कुणी गळ्यातलं झाकत नाही, उलट तिच्यासमोर माना खाली घालतात. तिला त्याचं काही वाटत असेल असं मला वाटत नाही.

मी मात्र संपत आलेय. रुपयातले चार आणे होते, आता आणा-दोन आणे. ज्ञानदेव सुजायला लागलाय. दर बुधवारी डॉक्टरांना विचारतो, अजून किती दिवस? मी ऐकते आणि गप्प बसते. गप्प बसणं मी याच लोकांकडून शिकले.

तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात अशी एखादी बाई असेल. खरं काय ते तुम्हाला ठाऊक असेल आणि मधी कोण पडणार म्हणून तुम्ही गप्प असाल. आजच उठा आणि तिच्यापाशी जाऊन बोला. उद्यावर टाकू नका. तिची आई जिवंत आहे तोवर बोला.

येते आता. मला ज्ञानदेवची दया येते का म्हणून कुणी विचारलं, तर नाही म्हणून सांगा.